नवी गाडी, जुनी यादी

'आता ही गाडी बदलायला झाली,' असं घरात कुणीतरी म्हणतं आणि त्याच संध्याकाळी घरातलं अर्थखातं, गृहखातं आणि विरोधी पक्ष एकदम अधिवेशनाला बसतात. बाबांना मायलेज हवं, आईला चढायला-उतरायला सोपी हवी, मुलाला सनरूफ, मुलीला मोठा स्क्रीन. आजोबांना एवढंच म्हणायचं असतं, की आपली जुनी काय वाईट आहे?

पहिली गाडी आपण ऐपत बघून घेतो. दुसरी घेताना मात्र हाताशी अनुभव असतो. इतक्या वर्षांत जुन्या गाडीनं कुठे कुठे छळलं, याची यादी तोंडपाठ असते. ती यादी घरी ठेवून शोरूममध्ये शिरलात, तर सेल्समन त्याची यादी तुमच्या हातात देतो. तसं होऊ नये म्हणून गाड्यांच्या दुनियेतल्या या काही गमती, काही खाचाखोचा आणि काही रोकडे हिशेब.

पाच मिलिमीटरची मेख

ब्रोशर उघडा आणि लांबीचा रकाना पाहा. टाटा नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटर. मारुती ब्रेझा ३,९९५. किआ सोनेट ३,९९५. डिझायर ३,९९५. ह्युंदाई व्हेन्यू? तीही ३,९९५! सगळ्यांनी एकमेकांची कॉपी मारली की काय?

कॉपी नाही, करामत अर्थखात्याची आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं आणि 'लहान' कुणाला म्हणायचं तेही ठरलं. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. झालं! टाटांनी २००८ मध्ये डिकी छाटून इंडिगो सीएस आणली. २०१२ मध्ये मारुतीनं डिझायरची शेपटी कापली. तेव्हापासून आपल्याकडच्या निम्म्याशिम्म्या गाड्या मागून एकदम तुटक का दिसतात, याचं उत्तर कलेत नाही, करात आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तर ही दरी आणखी रुंद झाली. या मापात बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के जीएसटी, मापाबाहेरच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. विजेवर चालणारीवर पाचच टक्के.

यातलं तुमच्या कामाचं एवढंच, की चार मीटरमध्ये सगळं कोंबायचं म्हटल्यावर काहीतरी आवळावं लागतं. एक तर मागच्यांचे गुडघे, नाही तर डिकी. डिकी किती लिटरची हे पाठ करण्यापेक्षा गावी जाताना नेता ती मोठी बॅग शोरूममध्ये घेऊन जा आणि आत ठेवून बघा. हसतील ते हसू देत.

सगळ्यांना उंच बसायचंय

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या जवळपास २८ लाख एसयूव्ही आणि त्यांच्या भाऊबंद. २०२४ या कॅलेंडर वर्षात सर्वाधिक खपाचा मान टाटा पंचनं पटकावला आणि चाळीस वर्षं त्या जागेवर ठाण मांडून बसलेल्या मारुतीला खाली उतरवलं.

गंमत म्हणजे १९९८ मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली तेव्हा तिच्या उंच टपाची लोकांनी यथेच्छ टिंगल केली होती. जाहिरातीत शाहरुख खान होता म्हणून बरं. पण त्या उंच टपाखाली बसायला किती सुख आहे, हे एकदा गुडघ्यांना कळलं आणि टिंगल थांबली. आज 'एसयूव्ही' म्हणून आपण जे घेतो, त्यातल्या बहुतेक गाड्यांना डोंगर चढायचाच नसतो. त्यांची मागणी असते गुडघ्यांची. सीट इतकी उंच हवी, की आत बसताना खाली घसरावं लागू नये आणि उतरताना कुणाचा हात धरावा लागू नये.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरातलं सर्वात वयस्कर माणूस आधी न्या. त्यांना मागच्या सीटवर बसू द्या, उतरू द्या, पुन्हा बसू द्या. दार किती उघडतं तेही बघा. अल्ट्रोझ आणि पंचची दारं काटकोनात, ९० अंशांत उघडतात. ब्रोशरमध्ये ही एक ओळ असते, पण साडी नेसलेल्या आजींना त्या एका ओळीचं मोल सनरूफपेक्षा कितीतरी जास्त.

आणि ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा वाचताना बारीक अक्षरंही वाचा. तो रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या? पाच माणसं, दोन बॅगा आणि आंब्याची पेटी चढली की गाडी खाली बसते. सोसायटीच्या त्या नाठाळ स्पीडब्रेकरला ब्रोशर वाचता येत नाही.

छताला खिडकी, खिशाला भोक?

एके काळी सनरूफ म्हणजे बड्या लोकांचं काम. आता २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई एक्स्टरसारख्या लहान गाडीतही ते मिळतं आणि २०२४ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओनं चार मीटरच्या आत चक्क पॅनोरमिक सनरूफ बसवून दाखवलं. शोरूममध्ये पोरं आधी वर बघतात, मग स्टिअरिंगकडे.

आता जरा छताच्या आत डोकावू. सनरूफ पूर्णपणे पाणीबंद नसतं, तसं ते असायचंही नसतं. काचेभोवतीच्या रबराला चुकवून आलेलं थोडं पाणी एका पन्हळीत जमतं. पन्हळीच्या कोपऱ्यांतून करंगळीपेक्षाही बारीक नळ्या निघतात, दारांच्या खांबांच्या पोटातून खाली उतरतात आणि पाणी गाडीखाली सोडून देतात. गाडी बारा महिने झाडाखाली उभी असेल तर पालापाचोळ्याचा चुरा, धूळ आणि मोहोर त्या नळीच्या तोंडाशी साचतो. मग जूनच्या पहिल्या झडीत आतल्या दिव्याजवळच्या कापडावर एक ओलसर डाग उमटतो, दुसऱ्या दिवशी तो वाढतो आणि तिसऱ्या दिवशी चालवणाऱ्याच्या खांद्यावर टप्पकन थेंब पडतो. दोष गाडीचा नसतो, नळी तुंबलेली असते. सर्व्हिसिंगला 'सनरूफच्या ड्रेन नळ्या साफ करा' असं आपण होऊन सांगावं लागतं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची. सनरूफची यंत्रणा छतात जागा खाते. सहा फुटी माणसानं सनरूफवाल्या आणि बिनसनरूफच्या अशा दोन्ही गाड्यांत पाठोपाठ बसून पाहावं. तिसरी गोष्ट उन्हाची. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात काचेखालचा पडदा जाड आहे की नुसता जाळीदार, हा प्रश्न शोभेचा राहत नाही. आणि चालत्या गाडीतून मुलांना वर उभं करणं हे कुठल्याच मॉडेलचं फीचर नाही.

निकाल? हौस असेल तर जरूर घ्या. पण जुन्या गाडीच्या यादीत 'एसी मागे पोचत नाही' असं लिहिलेलं असेल, तर त्याचं उत्तर मागच्या सीटचे एसी व्हेंट हे आहे, सनरूफ नाही.

रंग माझा… आणि धुणाऱ्याचा

भारतात सर्वाधिक खपतो पांढरा. ऊन कमी शोषतो, ओरखडे लपवतो आणि विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतं. अलीकडे काळ्यानं मात्र चांगलीच मुसंडी मारली आहे. काळी गाडी शोरूममध्ये देखणी दिसते, पण फडक्याच्या प्रत्येक चुकीच्या हाताची नोंद ठेवते. मॅट रंगाचं तर आणखी वेगळं. त्याला पॉलिश चालत नाही आणि ओरखडा आला तर तेवढ्यापुरता घासून घालवता येत नाही.

रंग निवडताना तुमच्याकडची माती कुठली, हेही बघा. कोकणातली तांबडी धूळ पांढऱ्या गाडीवर लपत नाही आणि विदर्भाच्या काळ्या मातीचे शिंतोडे तर कशावरच लपत नाहीत. करडा आणि चंदेरी हे या बाबतीत सोशिक रंग. दिव्यांच्या झगमगाटात रंग ठरवू नका, गाडी उन्हात काढायला लावा.

रंगाच्या जोरावर अजरामर झालेली एकच गाडी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २००३ मध्ये झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली.

डोळे कुठे, भुवया कुठे

२०१९ मध्ये टाटा हॅरिअर आली, त्याच वर्षी ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टरही. तिघींनीही डोळ्यांची जागा बदलली. वर दिसते ती बारीक पट्टी म्हणजे दिवसा लागणारे दिवे किंवा इंडिकेटर, खरे हेडलाइट खाली बंपरमध्ये. दिसायला झकास! समोरच्याच्या डोळ्यावर झोतही थोडा कमी येतो. पण बंपर ही धक्का खाण्याची जागा. दुचाकीचं हँडल, पुढून मागे सरकणारी रिक्षा, पार्किंगचा खांब, सगळ्यांची पहिली सलामी तिथेच.

त्यात आता बल्बही उरला नाही. जुन्या गाडीचा हॅलोजन बल्ब कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन काही शे रुपयांत बदलून द्यायचा. एलईडी दिवा बहुधा अख्खाच बदलावा लागतो. म्हणून बुकिंगआधी एक काम करा. शोरूमच्या मागच्या बाजूला सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्ट खिडकीवर जा आणि तीन वस्तूंच्या किमती विचारा. पुढचा दिवा, बाहेरचा आरसा, पुढचा बंपर. रूप सांभाळायला किती पडतं, हे तिथे कळतं.

बाहेरून लावायच्या शोभेचंही ऐका. पुढचे लोखंडी 'बुल बार' केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवले. धडक बसली की त्या दांड्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकतं आणि पादचाऱ्याला जबर मार लागतो. काचांना पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूंना किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा. गडद काळ्या फिल्मचा शौक असेल, तर वाहतूक पोलिसांशी ओळख वाढवायची तयारी ठेवा.

नावात काय आहे? कधी कधी खूप काही!

टाटांनी एका छोट्या गाडीचं नाव 'झिका' ठेवलं. २०१६ च्या सुरुवातीला, नेमकी ती बाजारात यायच्या वेळी, जगभर झिका विषाणूचा बोभाटा झाला. नाव बदललं आणि आपल्याला टियागो मिळाली.

महिंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बीई ६ई' ही विजेवरची गाडी दाखवली. '६ई' ही इंडिगो विमानांची ओळख. प्रकरण कोर्टात गेलं आणि गाडीच्या नावातला शेवटचा 'ई' गळाला. आता ती नुसती बीई ६.

ऐंशीला टुंग, एकशेवीसला टुंगटुंगटुंग

१ जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी ताशी ८० च्या पुढे गेली की अधूनमधून टुंग वाजते आणि १२० च्या पुढे गेली की थांबतच नाही. ही कंपनीची लहर नाही, सरकारी नियम आहे. त्याच नियमानं चालकाची एअरबॅग, पुढच्या दोघांसाठी सीटबेल्टची आठवण आणि मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ मध्ये सक्तीची झाली.

तरीही ब्रोशरच्या 'सेफ्टी' पानावर या गोष्टी ठळक टाइपात, कंपनीनं खास तुमच्यासाठी दिल्यासारख्या छापलेल्या असतात. तेव्हा पेन्सिल घ्या आणि ज्या कायद्यानंच द्याव्या लागतात त्या सगळ्या खोडा. एबीएस खोडा, दोन एअरबॅग खोडा, रिव्हर्स सेन्सर खोडा. उरतं ते खरं फीचर. सहा एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारं ईएससी, मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स आणि मागे मधे बसणाऱ्यालाही खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा. हा शेवटचा पट्टा कुणी विचारत नाही, आणि मधे बसतं ते बहुधा घरातलं सर्वात लहान माणूस.

शून्यापासून पंचतारांकित

२०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्या आपटून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो, तेव्हा एअरबॅगविना मिळणाऱ्या. पाचही जणींना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉननं पाच तारे मिळवले आणि भारतात बनलेल्या गाड्यांत पहिला मान पटकावला. २०२४ मध्ये नव्या डिझायरलाही पाच तारे मिळाले. २०२३ पासून तर आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे आणि तिचे पहिले पाच तारे हॅरिअर आणि सफारीला मिळाले.

तारे मोजताना दोन गोष्टी बघा. मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे, तेव्हा दोन्ही विचारा. आणि समोरून आपटण्याची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. समृद्धीवर १२० नं जाताना ते तारे आठवून छाती फुगवू नये.

टेकडीवरचं मायलेज

पुणेकर ज्या एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला जातात, तिथेच ती संस्था आहे जिच्या नावानं मायलेजचा आकडा छापला जातो. ब्रोशरमधले ते २२-२४ चे आकडे रस्त्यावर मोजलेले नसतात. गाडीची चाकं रुळांवर फिरवून, ठरलेल्या चक्रानुसार ते काढतात. चक्र वीस मिनिटांहूनही कमी, वेगाची कमाल मर्यादा ताशी ९०, एसी बंद. त्यात चांदणी चौक नाही, ठाण्याचा घोडबंदर रोड नाही आणि 'एसी वाढव रे' म्हणणारी मावशी नाही.

याचा अर्थ आकडा खोटा असा नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असते, म्हणून तुलनेला तो उत्तम. घरखर्चाच्या हिशेबाला मात्र तुमच्या जुन्या गाडीचा खरा आकडा घ्या. टाकी काठोकाठ भरा, चालवा, पुन्हा काठोकाठ भरा, किलोमीटरला लिटरनं भागा. जुन्या गाडीच्या छापील आकड्यापेक्षा तो किती कमी पडतो ते बघा आणि तेवढीच काटछाट नव्या गाडीच्या आकड्यालाही लावा.

बटण परत येतंय

मधल्या काळात कंपन्यांनी डॅशबोर्डवरची बटणं काढून सगळं टचस्क्रीनमध्ये घातलं. दिसायला स्वच्छ, पण खंबाटकी घाटात काचेवर वाफ धरली की नजर रस्त्यावरून काढून मेनूमध्ये शिरावं लागतं. युरोपच्या एनकॅपनं २०२६ पासून पवित्रा घेतलाय. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत या पाच गोष्टींना हाताला लागणारं बटण किंवा दांडी नसेल, तर पूर्ण गुण विसरा.

टेस्ट ड्राइव्हला ही परीक्षा आपणही घ्यावी. समोर बघत, चाचपडत एसीचा पंखा कमी-जास्त करून पाहा. जमलं तर पास.

एडासची परीक्षाही अशीच. ही यंत्रणा पुढच्या गाडीपासून अंतर राखते, वेळ पडली तर आपण होऊन ब्रेक मारते. मोठ्या रस्त्यावर इंडिकेटर न देता लेन बदलायला गेलात, तर स्टिअरिंग हाताला ओढ देऊन परत लेनमध्ये आणू बघतं. पहिल्यांदा दचकायला होतं. पण हिला रस्त्यावर पांढरे पट्टे दिसावे लागतात. तुमचा रोजचा रस्ता पट्टे पुसलेला आणि उलट दिशेनं येणाऱ्या दुचाकींचा असेल, तर त्या पैशात वरच्या दर्जाचे टायर येतात.

पोटात काय घालणार?

सीएनजी: पूर्वी टाकी घेतली की डिकी गेली. २०२३ मध्ये अल्ट्रोझनं एका मोठ्या टाकीच्या दोन छोट्या करून डिकीच्या तळाशी झोपवल्या. २०२५ च्या मारुती व्हिक्टोरिसनं टाकी गाडीच्या पोटाखालीच नेली. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, हे विसरू नका.

डिझेल: धुराच्या नळीतली डीपीएफ जाळी स्वच्छ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग धावणं लागतं. घर ते ऑफिस ते भाजी मंडई एवढंच चालवणार असाल, तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तुमची वाट बघतोय.

पेट्रोल: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं, आणि आपल्याकडचा साखरपट्टा त्या धंद्यात आघाडीवर आहे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्याला साजेशा सुट्या भागांच्या आहेत. जुनी वापरलेली गाडी घेत असाल तर पेट्रोलच्या झाकणावरची चिठ्ठी आणि मॅन्युअल बघा.

वीज: महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या मोटारींना टोलमाफी आहे. पण आधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून पार्किंगमध्ये चार्जिंगची परवानगी काढा. गाडी मिळणं त्याहून सोपं.

छोट्या खुणा, मोठं काम

पेट्रोलच्या काट्याशेजारी एक चिमुकला बाण असतो. टाकीचं झाकण ज्या बाजूला, त्या बाजूचा. फोर्डमधले डिझायनर जेम्स मॉयलन १९८६ मध्ये भर पावसात कंपनीची गाडी पंपाच्या चुकीच्या बाजूला लावून भिजले आणि कचेरीत येऊन त्यांनी ही सूचना लिहून दिली. आज ती जगभरच्या गाड्यांत आहे.

पुढच्या काचेच्या कडेला काळा पट्टा आणि ठिपके असतात, ते नक्षी म्हणून नाहीत. काच चिकटवणारा डिंक उन्हानं खराब होऊ नये म्हणून तो पट्टा, आणि पट्टा एकदम तुटू नये म्हणून ठिपके.

टायरवर चार आकडे शोधा. ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. नव्या गाडीचे टायर वर्षभर जुने असतील, तर गाडी यार्डात किती उभी होती ते कळलं.

चॅसी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा. बऱ्याच कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. जानेवारीत भरघोस सवलत मिळाली की हे अक्षर नक्की बघा.

दहा लाखांची वेस

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के मोटार वाहन कर. दहा लाखांच्या वर गेलात, की एक टक्का टीसीएसही जातो. तो मात्र इन्कम टॅक्सच्या विवरणपत्रात दाखवून परत मिळवता येतो. अनेक जण तो विसरतात.

आणखी एक विसरायचं खातं नो क्लेम बोनस. पाच वर्षं विम्याचा दावा केला नसेल, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट असते. ती गाडीची नसते, मालकाची असते! जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. एक्स्चेंजच्या गडबडीत ही सूट जुन्या गाडीबरोबर सोडून देऊ नका.

गाडी पंधरा वर्षांची झाली असेल, तर पुनर्नोंदणीचं शुल्क पाच हजार रुपये आणि वीस वर्षांनंतर दहा हजार. नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्षात राज्य किती देतं, ते आरटीओत विचारून घ्या. आणि आवडत्या नंबरचं वेड असेल तर ऐका: मुंबई-पुण्यात चारचाकीसाठी ०००१ या एका नंबरचे सहा लाख रुपये पडतात. तेवढ्यात एक बरी सेकंडहँड गाडी येते.

भाव करायचाच असेल, तर मुहूर्त उलटा धरा. दसरा-पाडव्याला शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते, पितृपक्षात चहा दोनदा विचारतात. बुकिंग तेव्हा करा, डिलिव्हरी घटस्थापनेला घ्या. पितरही खूश, खिसाही.

डिलिव्हरीला चाकाखाली लिंबू ठेवायचं, तर गाडी मोकळ्या मैदानात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लिंबू चिरडताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरा जास्तच पडला आणि कोरी गाडी पहिल्या मजल्यावरच्या शोरूमची काच फोडून खाली रस्त्यावर आली. एअरबॅग उघडल्या, जिवावरचं टळलं.

निघण्यापूर्वी

तेव्हा कागद घ्या आणि जुन्या गाडीच्या पाच तक्रारी लिहा. 'पार्किंगला जड जाते', 'मागे उकडतं', 'डिकी पुरत नाही', जे असेल ते. नव्या गाडीचं जे फीचर या पाचांपैकी एकही तक्रार मिटवत नाही, ती हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे ते ऑन-रोड किमतीत व्याजासकट मोजावं लागतं. एक हौस अवश्य करा, दोन चालतील, सगळं टॉप मॉडेल नको. त्यापेक्षा सुरक्षेत वरचं आणि शोभेत मधलं मॉडेल घेतलं, तर पाच वर्षांनी पश्चात्ताप होत नाही.

आणि एक काम पेढे वाटण्याआधी. विकलेल्या जुन्या गाडीची आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली का, ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. उद्या त्या गाडीनं कुणाला धडक दिली, तर भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येईल.